पातं थांबवणारं फंक्शन

थोरल्या जावेने धाकटीचा कोड वाचायला घेतला तो मुळी खोट काढायलाच. खोट सापडली तेव्हा तिला झालेला आनंद तिने चेहऱ्यावर दिसू दिला नाही.

कारखाना सासऱ्यांचा, कापड कापायच्या यंत्रांचा. यंत्र चालवणारी सी भाषेतली लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, थोरलीने लिहिलेली, लग्न होऊन आली तेव्हापासून डोळे फोडून. मग धाकटी आली ती पायथन ही नवी भाषा घेऊन. लायब्ररी तुमची असू दे जाऊबाई, मी तिची फंक्शनं पायथनमधून बोलावीन, बाकी सगळं माझं, असं तिने चारचौघांत सांगितलं आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यावर सासऱ्यांनी कडी केली. गिऱ्हाइकासमोर यंत्र नीट चाललं की प्रोग्रामिंगची खोली धाकटीकडे, आणि थोरलीने गोदाम बघावं.

खोट साधी होती. कापडाची कड आली की लायब्ररी धाकटीच्या पायथनमधल्या एका फंक्शनला हाक मारायची आणि ते पातं थांबवायचं. सी-ला अशी उलटी हाक मारता यावी म्हणून पायथनच्या फंक्शनवर एक आवरण चढवावं लागतं. धाकटीने ते चढवलं, त्याचा पत्ता लायब्ररीला दिला, पण आवरणाला नाव देऊन ते धरून ठेवलं नाही. जे कोणी धरलेलं नाही ते पायथन टाकून देतो. सी-जवळ नुसता पत्ता राहतो. त्या जागी दुसरं काही येईपर्यंत जुन्यावरच निभावतं, म्हणून चाचण्यांमध्ये धाकटीचं पितळ उघडं पडलं नव्हतं.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. थोरलीने तोंडाला कुलूप लावलं. होऊ दे चारचौघांतच शोभा, असं तिने ठरवूनच टाकलं.

गिऱ्हाईक आलं. सासरे हौसेने स्वतः पात्याशी उभे राहून कापड सारखं करू लागले. पहिला तुकडा झकास कापला गेला, दुसराही. ही बया सुटते की काय, म्हणून भिंतीला टेकलेल्या थोरलीचा जीव खालीवर होत होता. मग गिऱ्हाइकाने वेगळा नमुना मागितला. धाकटीने तो चढवला, टाकून दिलेल्या आवरणाच्या जागी तो जाऊन बसला, कड आली, आणि पातं थांबलंच नाही. सासऱ्यांनी कसाबसा हात मागे ओढला आणि लाल बटण दाबलं. कापडाच्या चिंध्या झाल्या होत्या.

प्रोग्राम कुठे कोसळला ते स्क्रीनवर आलं होतं. नाव थोरलीच्या लायब्ररीचं होतं.

"बघा बाबा, पडलंय ते जाऊबाईंच्या लायब्ररीत," धाकटी म्हणाली. "जुनाट झालीये ती. मी आधीच म्हटलं होतं."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने धाकटीला खुर्चीवरून उठवलं, थेट त्या ओळीवर गेली, आवरणाला एक नाव देऊन ते धरून ठेवलं आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. पातं कडेला थांबलं. तिने नमुने बदलून बदलून दाखवले, दर वेळी थांबलं.

"माझी लायब्ररी दिलेल्या पत्त्यावरच हाक मारते," ती म्हणाली. "त्या पत्त्यावर हिने कुणाला ठेवलंच नव्हतं."

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. थोरलीला अगदी गार वाटलं. सासऱ्यांनी कौतुकाने विचारलं, एवढ्या झटक्यात कसं सापडलं?

"झटक्यात कसलं बाबा, मला तर गेल्या आठवड्यातच..."

ती थांबली, पण बोलून गेली होती.

सासऱ्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. "म्हणजे मी पात्याशी उभा राहिलो, तेव्हाही तुला माहीत होतं?"

सासऱ्यांनी आधी गिऱ्हाइकाची माफी मागितली. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "खोलीची किल्ली टेबलावर ठेव."

तिने ठेवली. ती तिथून दूर होईपर्यंत धाकटी किल्ली उचलायलाही पुढे आली नाही.