धुपवलेला अंगरखा

माझ्या सासूचा धुपाशिवाय दिवस सुरू होत नसे आणि माझ्या पोराला धूप लागला की त्याचा श्वास अडकत असे. अज्जान जन्मापासून नाजूक छातीचा. त्याच्यासाठी आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनीच, घरातलं धुपाटणं कपाटावर चढवून ठेवलं. ओमानमधल्या आमच्या सलालात लोबानाशिवाय घर म्हणजे मिठाशिवाय भात. शेजारणी आत्यांना म्हणायच्या, "तुफूल, तुझ्याकडे आलं की इस्पितळात आल्यासारखं वाटतं बाई!" आत्या म्हणायच्या, "मग जीभ दाखवून जा."

माझा नवरा मुसल्लम बंदरात क्रेन चालवतो. त्यानेही चार वर्षं धुपवलेला अंगरखा अंगाला लावला नाही. शुक्रवारी मशिदीत सगळे पुरुष अगराच्या धुपाने घमघमत यायचे आणि हा साबणाच्या वासाचा. मित्र चिडवायचे, "काय रे, बायकोने वाळीत टाकलं की काय?" हा हसायचा. त्या एका गोष्टीपायी मी त्याचे बाकीचे सगळे गुन्हे पोटात घातले. माणूस असावा तर असा, असं मी मस्कतला आईला फोनवर सांगायची. आता ते आठवलं की माझीच मला चीड येते.

खरीफाचं, म्हणजे आमच्या पावसाळ्याचं, धुकं उतरलं की आखातभरचे लोक हिरवळ बघायला आमच्याकडे येतात आणि अज्जानची छाती शिट्ट्या वाजवायला लागते. या वर्षी इथल्या डॉक्टरांनी हात टेकले. म्हणाले, "मस्कतला छातीच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा. पण मोटारीने नेऊ नका. दिवसभराचं वाळवंट, त्यात धूळ. मध्येच काही झालं तर?" म्हणून विमान. मोठ्या डॉक्टरांची वेळ कशीबशी मिळाली होती. हे विमान चुकलं तर पाहुण्यांच्या गर्दीत पुढचं मिळणार नव्हतं आणि डॉक्टरांची पुढची वेळ थेट हिवाळ्यातली. तोवर पोराचे ओठ निळे पडताना बघत बसायची माझ्यात ताकद नव्हती.

निघायच्या दिवशी गाडी मी चालवत होते. निरोप द्यायला निघालेल्या आत्या माझ्या शेजारी, मुसल्लम मागे. अज्जान त्याच्या गळ्यात हात घालून, मानेत तोंड खुपसून झोपला होता. थोडं पुढे गेलो आणि गाडीत धुपाचा वास आला. मी आत्यांकडे रोखून पाहिलं. त्या बाहेर धुक्याकडे बघत राहिल्या. विमान गाठायच्या वेळी भांडण नको म्हणून मी दातओठ खाल्ले आणि काच खाली केली. आत नुसता ओलावा आला.

छातीचा त्रास असलेल्या पोराला विमानतळावरच्या दवाखान्यात आधी दाखवावं लागतं. तिथल्या नर्सने, शम्सा नाव तिचं, अज्जानच्या बोटाला चिमटा लावला, मशीनवरचा आकडा पाहिला आणि मान हलवली.

"अशा अवस्थेत नाही सोडता येणार. वर हवा विरळ असते. प्राणवायू इथेच एवढा कमी आहे, तर तिकडे आणखी घसरेल."

"सकाळी घरी चांगला होता हो! मी स्वतः बघितलंय!"

"मग मधे काहीतरी झालंय."

मधे काय झालंय ते मला माहीत होतं. मी वळले आणि आत्यांवर तुटून पडले. "समाधान झालं तुमचं? चार वर्षं शब्द पाळलात आणि नेमका आज मोडलात! दृष्ट काढायची होती ना नातवाची? बघा, निघाली!"

मुसल्लम म्हणाला, "रय्या, हळू. लोक बघतायत."

"बघू देत!"

आत्यांनी बुरख्याचं टोक चाचपलं. एरवी एका वाक्याला तीन परत करणारी बाई. पण तेव्हा खालच्या आवाजात म्हणाल्या, "हो. मीच केला धूप. म्हाताऱ्या माणसाची चूक झाली. चिमूटभर लोबान टाकला निखाऱ्यावर."

लोबान? आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा लोबान आणि अगर वासावरून ओळखतं, दूध आणि ताक ओळखावं तसं. गाडीतला वास लोबानाचा नव्हताच. तो होता अगराचा. आत्या आयुष्यात अगर जाळायच्या नाहीत. 'परमुलखातलं लाकूड, डोंगरावरच्या आपल्या झाडाची सर आहे का त्याला?' असं म्हणून नाक मुरडायच्या. अगर पुरुषांचा, मशिदीत जायच्या अंगरख्याचा.

मी मुसल्लमच्या जवळ गेले. त्याच्या अंगरख्याच्या गळ्याशी लोंबणारा गोंडा हातात घेतला आणि नाकाशी नेला.

"विसरलो गं," तो म्हणाला. "प्रवासाला निघायचं म्हणून सहज..."

"चार वर्षं विसरला नाहीस. ईदला विसरला नाहीस. सख्ख्या भावाच्या लग्नात विसरला नाहीस. आज विसरलास? आणि मग पोराला त्याच्यातच गुंडाळून आणलंस?"

तो एकदम बोलायला लागला, धरण फुटावं तसा. "तुझी आई फोनवर काय म्हणाली ते ऐकलंय मी. खोली रंगवून ठेवलीय म्हणे. मोठा डॉक्टर म्हणणार, याला कोरडी हवा पाहिजे, सलालात ठेवू नका. मग तू कशाला परत येशील? तू तिकडे, तो तिकडे, मी इथे क्रेनवर एकटा! मला वाटलं, एक विमान चुकेल. जरासा खोकेल, एवढंच. खरीफ संपला की तो बरा होतोच ना दरवर्षी?"

"जरासा," मी म्हणाले.

कुंपणानेच शेत खाल्लं होतं. शत्रूने केलं असतं तर मी शिव्या घातल्या असत्या. याला कोणती शिवी द्यायची तेच सुचेना. मी आत्यांकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"सकाळी धुपाटणं खाली काढताना पाहिलं मी त्याला," त्या म्हणाल्या. "मुलगा आहे गं माझा."

"आणि हा माझा आहे, आत्या."

शम्साने नेब्युलायझर लावायला घेतला. मी अज्जानला मुसल्लमकडून ओढून घेतलं, तर त्याने आकांत मांडला. मास्क फेकून दिला. "बाबा! बाबाकडे!" रडण्याने त्याच्या बरगड्या आत जायला लागल्या आणि आकडा आणखी खाली गेला.

"रडू देऊ नका," शम्सा म्हणाली. "ज्याच्याजवळ शांत होतो त्याच्याकडे द्या. पण आधी तो अंगरखा काढा."

मुसल्लमने तिथेच अंगरखा उतरवला. मान, दाढी, हात साबणाने धुतले आणि सगळ्यांसमोर बनियन-लुंगीवर खुर्चीत बसला. आमच्याकडे पुरुष असा अंगणातही येत नाही. मला दया यायला हवी होती. नाही आली. अज्जान त्याच्या छातीवर डोकं टेकून वाफ घेऊ लागला आणि हळूहळू निवला. ज्याने त्याचा श्वास पळवला त्याच्याच कुशीत त्याला तो परत मिळत होता आणि मला समोर उभं राहून ते बघावं लागत होतं. आयुष्यात मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

आकडा वर आला आणि टिकला. शम्साने डॉक्टरांना फोन केला, पुन्हा छाती तपासली. म्हणाली, "आता जा. दारं बंद व्हायला आलीत. पंप हातात ठेवा."

मुसल्लम उठला. "बॅगेत दुसरा अंगरखा आहे, दोन मिनिटांत..."

"तू नाही यायचंस."

"रय्या, माझं तिकीट आहे."

"पाहुण्यांमध्ये धुपाटणं फिरलं की बैठक मोडली, उठायचं, हे तुझ्या आईनेच शिकवलं मला नवी नवरी असताना. तू फिरवलंस. मी उठले."

अज्जान काही त्याचा गळा सोडेना. मुसल्लमनेच त्याचं एकेक बोट सोडवलं. म्हणाला, "आईबरोबर जा, राजा. मी पुढच्या विमानाने येतो. शब्द देतो." पोराने लगेच हात सोडला आणि माझ्याकडे आला. बाबाने शब्द दिला की झालं, एवढंच त्याला माहीत होतं.

विमान धुक्यातून वर निघालं आणि खिडकीत लख्ख ऊन आलं. अज्जान माझ्या मांडीला रेलून बसला होता. श्वास जड होता, पण एका लयीत होता. मी त्याच्या छातीवर हात ठेवून बसले होते.

"आई, बाबा पुढच्या विमानात बसला असेल ना?"

खरं सांगितलं असतं तर तो रडला असता, आणि त्या उंचीवर त्याला रडू देणं मला परवडणारं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "बसला असेल."

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला.