छापखान्याचे नाव

काकांच्या धाकट्या मुलीचे लग्न झाले, त्या वर्षी माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुना दिसणारा टाइप आहे. टाइप म्हणजे एका वळणाची सगळी अक्षरे. 'दिसणारा' हा शब्द मुद्दाम घातला आहे, कारण माझ्या वयाबद्दल लोकांना पहिल्यापासून संशय आहे.

मला संगणकावर घडवले काकांच्या पुतणीने. काकांनी चाळीस वर्षे छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, जुळवले. छापखाना बंद पडला, पण तिथली पुस्तके पुतणीने जपली होती. त्यांवरून तिने मला रेखाटले. उभे दंड जाड, वळणे नाजूक, दंडाच्या तळाशी छोटीशी टाच. झिजल्यासारखे वाटावे म्हणून काही टवकेही पाडले. मला छापखान्याचेच नाव द्यायचे, असे तिच्या मनात होते.

ती नमुना घेऊन आली. काकांनी तो नोट तपासावी तसा उजेडात धरला आणि भिंग लावले.

"या ओळीत क किती?"

"पाच."

"पाचही एकाच जागी टवकलेले. खिळे असे कवायत केल्यासारखे झिजतात होय गं?"

"जुनं वाटावं म्हणून केलं, काका."

"अगं, आमच्याकडे हा टाइप आला तेव्हा कोरा करकरीत होता. पाळण्यातल्या पोराला कवळी बसवलीस की."

तेवढ्यात काकूंनी तेलाची बाटली समोर ठेवली. पुतणीने मला आधीच एका तेलवाल्याला दिले होते. लेबलवर मी ऐटीत उभा होतो : तीन पिढ्यांचा विश्वास. दुकान उघडून महिनाही झाला नव्हता.

"तीन पिढ्या दुकानातल्या झुरळांच्या असतील," काकू म्हणाल्या.

काका हसले नाहीत. "आमच्याकडून चूक गेली, तर ते पान पुन्हा छापून घरोघर पोचवायचो. ते नाव याला द्यायचं?"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. माझी टाच पाहून लोक भुलतात, हे तेव्हा कळले.

काकांनी दोन अटी घातल्या. पहिली, टवके काढायचे. तीन आठवडे खपून पुतणीने मला नवा केला. काकांनी एकेक अक्षर तपासले, ळ चार वेळा परत पाठवला.

मग दुसरी अट. "शब्द दे. हा लबाडांच्या हाती जाणार नाही."

नुसते 'हो' म्हटले असते, तर नाव मिळाले असते.

"तो शब्द नाही देता येणार, काका. एकदा विकला की कोण काय छापेल, मला कळणारही नाही."

काकांनी भिंग खाली ठेवून तिच्याकडे रोखून पाहिले. "हो म्हणून मोकळी झाली असतीस."

"झाले असते."

"मग लाव नाव."

मित्रांनो, ते नाव आज मी मिरवतो. मला ताणून लांबडा करू नका, टवके पाडून म्हातारा करू नका. आणि मी कुठे दिसलो, तर माझ्या रूपावर जाऊ नका. आधी मजकूर वाचा, मग बाटली उलटी करून तारीख पाहा.

मला नाव मिळाले त्याच वर्षी, बारा नोव्हेंबरला सकाळी काका वारले.