नत्थूजींनी आवळलेली तोटी

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचा मे महिना. नागपुरात नळाला सकाळी जेमतेम तासभर पाणी यायचं, आणि खारं पाणी गोडं करायच्या प्रयोगशाळेत प्रेमिलाचा जीव थाऱ्यावर नव्हता.

पापुद्रे तीच करायची. काचेवर दाट रसायन ओतायचं, पातं एका ओढीत फिरवायचं, काच बर्फाच्या पाण्यात बुडवायची. दुधी पापुद्रा सुटून येई. पंपाच्या दाबाने खारं पाणी त्यावरून नेलं की गोडं तेवढं आरपार झिरपे, उरलेलं पाणी मीठ घेऊन दुसऱ्या तोटीतून मोरीत जाई. पण तिसऱ्या दिवशी पापुद्र्यावर बुळबुळीत थर चढे आणि गोड्या पाण्याची धार सुतासारखी बारीक होई. दोनदा असंच झालं. आठ दिवसांनी समिती येणार होती. तिला सात दिवसांची अखंड धार दाखवायची, नाहीतर काम बंद आणि प्रेमिलाची हंगामी नोकरीही.

"ब्रशने घासा," साहेब महादेवराव म्हणाले. घासलं, तर पापुद्रा ओरखडला आणि पाणी खारंच आलं.

घरी ती दारात जाई, परत येई. आई तुळजाबाई मागासाठी गल्लीत ताणलेल्या सुताला कुंच्याने खळ लावत होती.

"काहून येरझारा घालून राहिली वं? धर कुंचा. थांबू नको मातर. हात थांबला का खळ तिथंच बसते."

प्रेमिलाचा हात थांबलाच. सुतावर गोळा धरला.

"झालं! साहेबीण झाली, अन् हात गेला!"

प्रेमिलाला ऐकूच गेलं नाही. ती त्या गोळ्याकडे बघत राहिली.

सकाळी ती थेट मोरीपाशी गेली. तोटीतून थेंब थेंब पडत होता.

"नत्थूजी, ही कोणी आवळली?"

"मीच," पंप चालवणारे नत्थूजी म्हणाले. "दरखेपी मीच आवळतो. माही बायको दोन गुंड पाण्यासाठी लाइनीत उभी राह्यते, बाई, अन् इथं भळभळ मोरीत? मले नाही पाहावत."

"अहो, वाहत्या पाण्यानंच तो थर निघून जाते. तुम्ही कोंडलं, तो बसला."

नत्थूजींनी आवाज खाली आणला. "साहेबाले सांगता का? तीन सालांत पेन्शन हाये माही."

तिने नवा पापुद्रा बसवला, तोटी उघडली, खाली पिंप ठेवलं.

"हे पाणी तुमचं. कूलरच्या ताट्यांवर मारा."

सात दिवस ती दर अर्ध्या तासाने तोटी बघून येई. नत्थूजींचा हात तिकडे जाई, आणि तिला पाहून खिशात शिरे. वाळ्याच्या ताट्या मिठाने पांढऱ्या झाल्या. धार मात्र टिकली. अहवालात तिने लिहिलं, 'मोरीकडची तोटी पूर्ण उघडी असावी.' कोणी आवळली होती, ते लिहिलं नाही.

महादेवराव पुढे गुजरातेत गेले. त्यांना ते कधी कळलं नाही. तुळजाबाईंचा माग चौऱ्याऐंशीत बंद पडला. प्रेमिला कायम झाली, निवृत्त होईपर्यंत पापुद्रे ओढत राहिली. नत्थूजी पूर्ण पेन्शन घेऊन कन्हानला राहायला गेले. ती भेटायला गेली की ती हात धूत असताना ते मागे येऊन उभे राहत, आणि तिचे हात निथळायच्या आत तोटी आवळत.