मागे ठेवलेला

श्यामकांतने सायकल बांधाला टेकवली आणि पुढच्या चाकाची हवा तिसऱ्यांदा दाबून पाहिली. चाक टणक होतं. बदलापूर सोडून, हेंद्रेपाडा मागे टाकून, गुडघाभर पाण्यातून नदी ओलांडून दोघं इथवर आले होते, आणि चाकाने एकदाही कुरकुर केली नव्हती. तरी तो निघायचं नाव घेईना.

"चाकाला काही झालेलं नाही रे," श्रीपाद मास्तर मागून म्हणाले. "चल, ऊन तापायच्या आत पाड्यावर पोचू."

"चलतो ना मास्तर. एकच मिनिट."

"अंबरनाथपासून तुझी अशी पाच मिनिटं झाली."

खरंच होतं ते. गेले सोळा दिवस श्यामकांतचा जीव थाऱ्यावर नव्हता. पोटापाण्यासाठी तो अंबरनाथच्या एका कारखान्यात कामगारांची हजेरी लिहायचा, आणि रविवारी तिथल्याच चाळीतल्या दोन खोल्यांत भरणाऱ्या मराठी ख्रिस्ती मंडळीचा उपदेशक असायचा. हजेरीत चुका व्हायला लागल्या होत्या. जेवताना घास हातात तसाच राहायचा. बायको, बकुळा, शेवटी वैतागून म्हणाली होती, "अहो, एकदा जाऊन त्या बाईला भेटून या. नाहीतर मला तरी वेड लागेल." म्हणून तो निघाला होता. हँडलला निर्वासितांच्या कॅम्प एकमधल्या सिंध्याच्या दुकानातलं नवं लुगडं कागदात बांधून लटकवलेलं होतं, आणि सोबतीला निवृत्त श्रीपाद मास्तर होते, कारण एकट्याने जायची त्याची छाती नव्हती.

ती बाई म्हणजे नवसी. सुकऱ्याची बायको. सुकऱ्या सोळा दिवसांपूर्वी जंगलात ठेकेदाराचं झाड तोडताना त्याच झाडाखाली सापडून मेला.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, सुकऱ्याचा बाप्तिस्मा व्हायचा होता. मंडळीची रीत अशी, की महिन्यातून एकदा कल्याणहून पाळकसाहेब यायचे. बाप्तिस्मा मागणाऱ्याने सगळ्यांसमोर बसून प्रश्नोत्तरांच्या पुस्तिकेतली एकवीस उत्तरं द्यायची. प्रश्न उपदेशकाने विचारायचे. जमलं तर त्याच दुपारी पाणी, नाही जमलं तर "मागे ठेवला" म्हणायचं आणि पुढच्या महिन्यावर ढकलायचं. बाप्तिस्मा झालेल्या माणसाने मग तीन दिवस उपदेशकाच्या घरी राहायचं. त्याचे जातवाले कदाचित त्याच्याबरोबर जेवणं सोडतील, म्हणून पहिले घास तरी आपल्या माणसांत पडावेत, एवढाच त्यामागचा हेतू. बकुळाने त्या रविवारसाठी कोंबडी आणून ठेवली होती.

चौदा प्रश्नांपर्यंत सुकऱ्या झकास चालला. लिहिता-वाचता न येणारा माणूस, पण आठ महिने दर रविवारी पायपीट करून त्याने सगळं तोंडपाठ केलं होतं. पंधरावा प्रश्न होता, माणूस काय करणार हे देवाला आधीच ठाऊक असतं का? पुस्तिकेतलं उत्तर दोन ओळींचं, सोपं. सुकऱ्याने डोकं खाजवलं.

"ठावं असंल," तो म्हणाला. "पन मंग मी आज पास का नापास, त्येबी त्याला ठावं. तू मना कशाला पुसतोस, दादा?"

हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. मंडळीतल्या कौसाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. पाळकसाहेबसुद्धा रुमाल तोंडावर धरून हसले. श्यामकांतच्या कानशिलांतून मात्र वाफा निघाल्या. उरलेले सहा प्रश्न त्याने विचारलेच नाहीत. पुस्तिका मिटली आणि म्हणाला, "तयारी नाही याची. मागे ठेवू." उपदेशकाच्या शब्दापुढे पाळकसाहेब बोलत नसत. सुकऱ्या थोडा वेळ दारात उभा राहिला, मग भर उन्हात पाड्याकडे चालू लागला.

"हे बघ," सायकलीशेजारून चालता चालता मास्तर आता म्हणाले, "जग घडायच्या आधी देवाने ज्याचं नाव घेतलं, त्याला तू मागे ठेवून अडवणार? एवढा मोठा कधी झालास रे? सुकऱ्या त्याचा होता तर त्याच्याकडे गेला. दिवसही ठरलेला होता आणि झाडही."

"झाडही?"

"झाडही. आपण काय, हजेरी लिहिणारे कारकून. मालक तो."

"हजेरीत मी चुकून गैरहजर लिहिलं ना मास्तर, तर माणसाचा रोज बुडतो. मालकाला खरं ठाऊक असलं तरी बुडतो."

मास्तर जरा चपापले. पण आयुष्यभर शाळा चालवलेला माणूस तो, इतक्यात कसला हार मानतो.

"बरं, त्या कॅम्पातल्या सिंध्यांना विचार. भरलं घर सोडून मिलिटरीच्या बराकीत येऊन राहायचं, हे त्यांनी ठरवलं होतं?"

"त्यांनी नव्हतं ठरवलं. त्यांना हाकलणाऱ्यांनी ठरवलं होतं."

"तू ना, स्वतःच स्वतःला फासावर चढवायला निघालायस!" मास्तर चिडले. "सरळ मार्ग दाखवतोय मी तुला. धर आणि सूट."

सुटावंसं त्याला वाटत नव्हतं असं थोडंच होतं! मंडळीतला जो भेटेल तो हेच सांगत होता. देवाची इच्छा. देवाची योजना. ऐकलं की घटकाभर बरं वाटायचं, आणि मग स्वतःचीच इतकी शिसारी यायची की त्याला खोलीत बसवत नसे. तो उठून चाळीच्या गॅलरीत येरझाऱ्या घालायचा. आज नवसीसमोर उभं राहून सगळं सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं होतं. रस्त्यात निदान वीस वेळा ठरवलं होतं, आणि तितक्याच वेळा ते फिसकटलं होतं.

नवसी खोपटात नव्हती. उतारावरच्या खाचरात एकटीच भात कापत होती. मागे तिच्या दोन लहान पोरी कापलेल्या मुठी गोळा करत होत्या. शेजारपाजारची शेतं कापून मोकळी झाली होती; हिचं निम्म्याहून जास्त उभं होतं, आणि दाणे गळायला लागले होते.

ती कमरेत सरळ झाली. "आलास, दादा," म्हणाली, आणि बांधावर येऊन बसली. लुगड्याचं पुडकं तिने घेतलं, पण उघडलं नाही. पोरीने तांब्याभर पाणी आणलं. मास्तर प्यायले. श्यामकांतने नुसताच तांब्या धरून ठेवला.

"नवसीबाई, मी—"

"थांब. मना येक पुसायचं हाय."

श्यामकांत थांबला. खरं सांगायचं तर थांबायला मिळालं म्हणून त्याला बरंच वाटलं.

"सोमवारी तो जात नव्हता," नवसी म्हणाली. ती समोर पाहत होती. "रविवारी आला तो बोललाच नाय. सकाळी भितीकडं तोंड करून निजून राहिला. ठेकेदाराचा मानूस बाहेर हाका मारतोय. मीच लोटला त्याला. बोलली, देवालाबी नको झालास, निदान घराला तरी कामाला ये. मंग उठला. कुऱ्हाड घेतली न् गेला. भाकर पन नाय नेली." तिने विळ्याचं टोक मातीत खुपसलं. "मी नसती लोटला तर जिता असता ना?"

"असं मनात आणू नये पोरी," मास्तर मायेने म्हणाले. "प्रत्येकाची वेळ आधीच—"

"तुमाला नाय पुसत बाबा. यो शिकवायचा ना त्याला? याला पुसते."

मास्तरांनी श्यामकांतकडे पाहिलं. बोल की, असं त्यांचे डोळे सांगत होते. आणि बोलायला किती सोपं होतं! ठरलेलं होतं, एवढे दोनच शब्द. तेवढ्याने ही बाई सुटली असती, आणि तिच्या आडोशाने तोही. सोळा दिवस जे त्याने स्वतःसाठी घेतलं नव्हतं, ते आता पुण्य म्हणून हातात पडत होतं. त्याने तांब्या बांधावर ठेवला.

"नाही," तो म्हणाला. "तुझ्या लोटण्याने नाही गेला तो."

"मंग?"

"त्याचा जबाब चुकला नव्हता. पुस्तकातला नव्हता, पण चुकीचाही नव्हता. लोक हसले. मला वाटलं मलाच हसले, आणि मला राग आला. त्या रागात मी त्याला मागे ठेवला. नसता ठेवला तर सोमवारी तो इथे नसताच. माझ्या घरी जेवत असता. मंगळवारीसुद्धा."

"श्यामकांत!" मास्तर ओरडले.

"खरं आहे ते, मास्तर. बसा तुम्ही."

नवसीने पहिल्यांदाच मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं. मातीत खुपसलेल्या विळ्याची मूठ तिने घट्ट धरली. आता ही विळा घेऊन अंगावर येते की काय, असं मास्तरांना वाटलं आणि ते अर्धवट उठलेही. पण तिने पदर तोंडात कोंबला आणि रडली, गदागदा हलत, कितीतरी वेळ. पोरी लांब उभ्या राहून बघत होत्या. माफी मागायचे शब्द बकुळाने श्यामकांतकडून दोनदा म्हणून घेतले होते. त्यातला एकही आठवेना.

"तू केलास," अखेर ती म्हणाली. "मी नाय."

"मी. तू नाही."

तिने नाक पुसलं, विळा मातीतून उपटला आणि मुठीकडून त्याच्यापुढे धरला.

"मंग उठ," ती म्हणाली. "आज येवढा भात आडवा झाला पायजे."

त्याने कोट काढून बांधावर ठेवला आणि खाचरात उतरला. जन्मात कधी विळा धरला नव्हता. पहिलीच मूठ वाकडीतिकडी कापली गेली, अर्ध्या लोंब्या जमिनीवर. "खालून धर," नवसी म्हणाली आणि दुसरा विळा आणायला खोपटाकडे गेली. घटकाभरात त्याच्या करंगळीवर पातं बसलं. रक्त आलं तसं त्याने बोट तोंडात धरलं आणि वर पाहिलं. नवसी परत आली होती, शेजारच्या ओळीत कापत होती. तिने रक्त पाहिलं, पण थांब म्हणाली नाही. तो पुन्हा वाकला.