दसऱ्याला सुकलेली टाकी

मित्रांनो, मी एक जुनी चेनसॉ आहे, म्हणजे झाडं कापायची मशीन. करी रोडच्या एका बैठ्या चाळीत सीतारामच्या घरी राहते. आवाज माझा मोठा, पण सगळा जीव प्लास्टिकच्या छोट्या तेलाच्या टाकीत. तिच्यातलं तेल मिळालं नाही, तर माझी साखळी तापते आणि लाकडातच अडकते.

पंधरा वर्षं मी इमानाने राबले. शिवाजी पार्कच्या गल्ल्यांत लोकांनी माझं काम बघून सीतारामला चहा पाजला. त्याने मला मात्र कधी नीट पुसलं नाही. एकदा टेम्पोतून उतरवताना त्याने मला फुटपाथवर आपटलं आणि टाकीला चीर गेली. तेव्हापासून माझ्याखाली अंथरलेला पेपर रोज तेलाने भिजायचा. "जुनी मशीन थोडी गळणारच," असं म्हणून गडी मोकळा!

मग वादळात गुलमोहराची फांदी मोडून शेजारच्या रमाबाईंच्या पत्र्यावर लोंबू लागली. रमाबाई आणि त्यांची नात मेघना आमच्याकडे झोपायला आल्या. सीतारामने टाकी फडक्याने पुसल्यासारखी केली, गोंद फासला आणि चढला झाडावर. ओशट प्लास्टिकवर गोंद धरतो थोडाच! दहा मिनिटांत तो सुटला, साखळी अडकली, हिसका बसला आणि सीतारामचा पाय सटकला. कमरेला दोर होता म्हणून वाचला. चूक त्याची, पण मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी त्याने टाकी पेट्रोलने धुतली, पॉलिश पेपरने घासली. चीर पुढे वाढू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, मग नवा गोंद भरला. एवढं शहाणपण केलं, आणि सकाळी उठून पुन्हा मला उचलायला आला!

त्याच्या बायकोने, बकुळाने, मला झेंडूचा हार घातला होता. "आज दसरो. हत्याराक हात लावूचो नाय!"

"अगो, फांदी पडात ना!"

तेवढ्यात रमाबाई म्हणाल्या, "मी पूजाबिजा मानत नाही, सीताराम. पण गोंदाच्या पाकिटावर चोवीस तास सुकू द्या असं लिहिलंय, मी चष्मा लावून वाचलंय. पत्रा माझा आहे ना? मग थांब आज."

दोघींपुढे त्याचं काही चाललं नाही. हार मला दर दसऱ्याला मिळतो, पण सुट्टी कामी आली ती याच वर्षी.

दुसऱ्या दिवशी फांदी तुकड्यातुकड्याने दोरावरून खाली आली. पत्र्याला ओरखडाही नाही. मेघना दप्तर घेऊन आपल्या घरी गेली.

आता सीताराम रोज सकाळी माझ्याखालचा पेपर काढून बघतो. कोरडा असतो. मग तिथेच बसून कालच्या बातम्या वाचतो.

मित्रांनो, फुटलेलं जोडाल तेव्हा आधी स्वच्छ करा आणि मग एक दिवस हात आवरा. दोराला लटकलेला माणूस मी पाहिला आहे, म्हणून सांगते.