उन्हात वाळवलेल्या नळ्या

मित्रांनो, मी एक जुना निळा डबा आहे. नागभीडजवळच्या एका गुरांच्या दवाखान्यातला. आजारी जनावरांचे नमुने बर्फात ठेवून शहरातल्या प्रयोगशाळेत न्यायचे, हे माझं काम. नवा होतो तेव्हा काय थाट होता माझा! दवाखान्याचा शिपाई पोचू एसटीत मला मांडीवर घेऊन बसायचा. मीही मोठा तोरा मिरवायचो. आता तो तोरा आठवला की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पुढे माझ्या झाकणाचं रबर फाटलं. गारवा टिकेना. पोचूने दोरी आवळली आणि तसंच काम भागवलं.

मागच्या वैशाखात शकुबाईच्या दोन बकऱ्यांची नाकं वाहू लागली, तोंडात फोड आले. सात बकऱ्यांवर चालणारा तिचा संसार. दवाखान्याच्या मंजुषा डॉक्टरांना अख्खा कळप संपवणाऱ्या विषाणूचा संशय आला. त्यांनी नाकातला स्राव दोन नळ्यांत घेतला. शकुबाईला सांगितलं, रिपोर्ट येईपर्यंत बकऱ्या घरीच बांधा. पोचूला सांगितलं, थंड ठेव. उन्हाचं कोणी काही बोललं नाही.

स्टँडवर दोन तास बस आली नाही. माझ्यातला बर्फ वितळला, नळ्यांवरच्या चिठ्ठ्या भिजल्या, शाई पसरू लागली. पोचू घाबरला. त्याच्याकडे ओलं झालेलं सगळंच उन्हात टाकतात, धान असो की मोहफुलं. त्याने नळ्या माझ्याच झाकणावर मांडल्या. चिठ्ठ्या छान वाळल्या. पण आतल्या विषाणूच्या ज्या खुणा प्रयोगशाळा शोधते, त्या उन्हाने मोडत गेल्या. मला त्याचा पत्ताही नव्हता. बस कधी येते, एवढंच मी बघत होतो.

रिपोर्ट आला: विषाणू आढळला नाही.

शकुबाईने दवाखान्यात येऊन मला कुंकू लावलं. "पोचूभाऊ, या डब्यानं माह्या बकऱ्या वाचवल्या!" मी फुगलो. हो, फुगलो, काय लपवू? दुसऱ्या दिवशी तिने बकऱ्या गावाच्या कळपात सोडल्या. पंधरा दिवसांत गावातल्या एकवीस बकऱ्या मेल्या. त्यांत तिच्या सहा. हातपंपावर बाया तिच्याशी बोलेनात. "इनंच रोग सोडला," म्हणायच्या. तिलाही तेच खरं वाटू लागलं.

डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा पोचूने नळ्या वाळवल्याचं सांगितलं. त्या डोकं धरून बसल्या. "अरे, नमुन्याला थंडावा लागतो तसा अंधारही लागतो. नळीत सापडला नाही म्हणून बकरीत नव्हता, असं होत नाही. मी सांगायला हवं होतं." त्यांनी तेव्हाच नवा डबा मागवला.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. नमुना नेणाऱ्याला नुसतं 'ने' म्हणू नका, कसा न्यायचा तेही सांगा. आणि नमुन्याला ऊन लागलंच, तर लाज सोडून लगेच बोला. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.

डॉक्टरांनी विचारलं त्याच संध्याकाळी पोचू मला घेऊन शकुबाईच्या दारात गेला. हातपंपावरच्या बायाही ऐकत होत्या.

"बाई, तुमची चूक नाई. नळ्या म्या उन्हात ठेवल्या होत्या."

"काऊन?"

"चिठ्ठ्या वाळवाले."

 शकुबाई आत जाऊन उरलेली सातवी बकरी घेऊन आली. तिचंही नाक वाहायला लागलं होतं. तिने बकरीला गुडघ्यांत धरलं, तोंड वर केलं आणि म्हणाली, "घ्या नमुना. या खेपेले झाकून न्या."