जागा चुकलेली नळी

मित्रांनो, मी एक जुनी प्लास्टिकची नळी आहे. वीतभरही लांब नाही. माझ्या आत मागेपुढे सरकणारा एक दट्ट्या होता. आज माझ्या अंगाला मशीनच्या तेलाचा वास येतो, पण मी तेलासाठी जन्मले नव्हते. अशा गोष्टी मुलांना सांगतात. ही मुलांसाठी नाही, साठीला आलेल्या पुरुषांसाठी आहे. तेव्हा मित्रांनो म्हणते ते तुम्हालाच.

माझा जन्म कारखान्यात झाला. साच्यातून निघाले तेव्हा मी पांढरी, स्वच्छ होते. अंगावर मापाच्या रेघा होत्या. मला एका मलमाच्या ट्यूबबरोबर खोक्यात घातलं आणि सोबत घडी केलेला एक इंग्रजी कागद टाकला. आमचं काम साधं होतं. बाईची पाळी गेली की तिच्या अंगातलं इस्ट्रोजेन कमी होतं. मग योनीची आतली कातडी पातळ होते, कोरडी पडते. आग होते. नवऱ्याजवळ जाताना दुखतं. लघवी सारखी लागते आणि लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. त्या मलमात थोडं इस्ट्रोजेन असतं. ते माझ्यात मापानं भरायचं, मला आत सरकवायचं, दट्ट्या दाबायचा. नंतर मला कोमट पाण्यानं धुऊन ठेवायचं. एवढंच. यात अवघड काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

मला विरारजवळच्या वटार गावच्या सालोमीनं विकत घेतलं. तिचा नवरा मार्सेल, त्यांची केळीची आणि मोगऱ्याची वाडी. ते आपसात कादोडी, आमच्याकडची बोली, बोलायचे, मी तुम्हाला शाळेतल्या मराठीत सांगते. सालोमीला बरेच दिवस लघवीला आग होत होती. गावात तिला सगळे सांगायचे, उन्हाळी लागली आहे, धने-जिऱ्याचं पाणी पी. ती प्यायची. भर पावसाळ्यातही तिला उन्हाळी लागायची, तरी कोणाला त्याचं नवल वाटलं नाही. रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेला, ती दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसू लागली, मधेच उठून जाता यावं म्हणून. मार्सेल म्हणायचा, "देवावर रुसलीस काय?" आणि रात्री ती कूस वळवून झोपली की म्हणायचा, "आता कॉन्व्हेंटातच जा, सिस्टर हो." पुढे त्यानं आपला पलंग ओटीवर नेला. तिला दुखत होतं हे तिनं सांगितलं नाही, आणि दुखतंय का हे त्यानं विचारलं नाही.

शेवटी ती डॉक्टरकडे गेली. जवळ आगाशीला नाही, लांब फुलपाड्यात. तिथे ओळखीचं कोणी भेटणार नाही असं तिला वाटलं. डॉक्टर पुरुष होता. मार्सेल शेजारच्या खुर्चीत बसला होता. डॉक्टरनं विचारलं, "तिकडे कोरडेपणा आहे?" तिनं मान हलवली. त्यानं इंग्रजीत चिठ्ठी लिहिली आणि म्हणाला, "कसं वापरायचं ते केमिस्ट समजावेल."

केमिस्टच्या दुकानात मी काचेमागे होते. सालोमी चिठ्ठी देऊन उभी राहिली, तेवढ्यात त्यांच्याकडून केळी घेणारा विरारचा व्यापारी सर्दीची गोळी मागायला आला आणि तिला म्हणाला, "अरे आंटी, तुम्ही इकडे कुठे?" सालोमीनं पदर सारखा केला. केमिस्टनं मला वर्तमानपत्रात गुंडाळलं, वर काळी पिशवी घातली आणि हळूच म्हणाला, "त्या जागेवर लावायचं आंटी, झोपताना. बाकी डॉक्टरनी सांगितलंच असेल."

बाहेर मार्सेल स्कूटरवर बसला होता. "काय म्हणाला?"

"जागेवर लावायचं."

"कुठल्या जागेवर?"

"दुखते त्या," सालोमी म्हणाली.

आता आमच्या भागात जागा म्हटलं की माणसांना जमीन आठवते. कोणाची जागा विकली गेली, कोणत्या जागेवर बिल्डिंग उठली, हे वटारला सगळ्यांना पाठ असतं. बाईच्या अंगातल्या त्या जागेला मात्र नाव नाही. डॉक्टर तिला "तिकडे" म्हणाला, केमिस्ट "त्या जागेवर" म्हणाला. सालोमीला दुखायचं ते ओटीपोटात. तिनं मलम ओटीपोटावर लावलं.

खोकं उघडलं तेव्हा मी तिच्या हातात आले. माझ्या आयुष्यातली ती एकच वेळ, जेव्हा मी योग्य हातात होते. तिनं मला उलटसुलट पाहिलं. "इंजेक्शन दिलंय," ती म्हणाली, "पण सुई नाही."

मार्सेल हसला. "केमिस्ट सुई विसरला. परत जाऊन मागू?" मग त्यानं तो इंग्रजी कागद डोळ्यांजवळ धरला. त्यातला एकच शब्द त्याला वाचता आला, कॅन्सर. "जपून लाव हं," तो म्हणाला, "थोडंथोडंच लाव." कागद त्यानं चुलीत टाकला. त्या कागदावर माझं चित्र होतं, बाईचंही चित्र होतं. दोन्ही जळाली.

मला त्यानं खिशात घातलं आणि वाडीत नेलं.

वाडीच्या कडेला बावखल आहे, गोड्या पाण्याचं आमच्याकडचं तळं. त्याच्यावर पाण्याची मोटार, मोटारीवर पत्र्याची खोपी. मार्सेलनं माझ्यात तेल ओढून घेतलं आणि मोटारीच्या बेअरिंगमध्ये सोडलं. एक थेंब इकडेतिकडे गेला नाही. मी मापानं सोडण्यासाठीच बनलेली होते, मला दुसरं येतही नव्हतं. त्या दिवसापासून मी खोपीतल्या खिळ्यावर टांगली गेले.

मित्रांनो, तिथे माझं फार कौतुक झालं. शेजारच्या वाडीचा सॅन्टन रोज गप्पा मारायला यायचा. तो एकदा मला हातात घेऊन म्हणाला, "मार्सेल, पिचकारी भारी आहे रे तुझी!"

"आहे ना? या वयात पण चालते!"

"कुठून आणलीस?"

"बायकोच्या औषधात फुकट मिळाली. तिला काय उपयोग?"

दोघं पोट धरून हसले. सालोमी खोपीच्या मागे मोगरा तोडत होती. तिचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

अशी माझी उमेदीची वर्षं गेली. मोटार जरा किरकिरली की मार्सेल जेवणावरून उठून यायचा. यंत्र कोरडं चालू द्यायचं नसतं, आतून खातं ते, असं तो सॅन्टनला शिकवायचा. त्याला हे पक्कं ठाऊक होतं. घरात सालोमीला पुन्हा उन्हाळी लागायची, गावातला डॉक्टर गोळ्या द्यायचा, चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा लागायची. तिला साखरेचा त्रासही होता. मलमाची ट्यूब पोटावर चोळून कधीच संपली होती. त्या मलमानं काही होत नाही, असं घरात ठरून गेलं होतं.

मग एका रविवारी सालोमी चर्चमधून थेट खोपीत आली. अंगावर चर्चची साडी होती. मिस्सेनंतर हॉलमध्ये बायकांसाठी एका डॉक्टरबाईंचं भाषण झालं होतं. भिंतीवर चित्रं दाखवली होती, त्यांत माझ्यासारखी नळीही होती. तिनं मला खिळ्यावरून काढलं. मी आतून काळी झाले होते. तिनं अंगठ्यानं माझ्यावरची काजळी पुसली. खालच्या मापाच्या रेघा तशाच होत्या.

"तू होतीस होय," ती म्हणाली. तिच्या पदराला तेल लागलं, तिचं लक्ष नव्हतं.

तेवढ्यात मार्सेल आणि सॅन्टन आले.

"काय करतेस? हात काळे होतील."

"अहो, ही नळी कशाची होती ठाऊक आहे?"

"मोटारीची," सॅन्टन म्हणाला. "मार्सेलनं तुझ्या बापाकडून हुंड्यात घेतली."

सालोमी हसली नाही. "मला त्या डॉक्टरकडे परत जायचंय. ते मलम पुन्हा आणायचंय."

"ते मलम?" मार्सेल म्हणाला. "ट्यूब संपवलीस ना पोटावर लावून? काय फरक पडला?"

"मी चुकीचं लावत होते."

"मलम लावण्यात काय चुकायचं? पोटावर नाही तर काय डोक्यावर लावायचं?"

सॅन्टन खो खो हसला. सालोमीनं त्याच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. उत्तर तिच्या तोंडापर्यंत आलं होतं, मी तिच्या हातात होते, मला कळत होतं. सॅन्टन तिथून हलला असता, किंवा मार्सेलनं त्याला हलवलं असतं, तर ते बाहेर आलं असतं. दोघांपैकी कोणी जागचं हललं नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "चहा ठेवते." आणि मला खिळ्यावर टांगून गेली.

"बघितलंस?" मार्सेल सॅन्टनला म्हणाला. "हल्ली हिला काही विचारायची सोय नाही."

तीच तिची-माझी शेवटची भेट. पुन्हा ती खोपीत आली नाही.

पुढचं मी पाहिलेलं नाही. मार्सेल नंतर मोटारीजवळ बसून एकटाच बोलायचा, त्यावरून मला कळलं. सालोमीला थंडी वाजून ताप आला. मलेरिया असेल म्हणून घरीच ठेवलं. ती अर्धवट बोलू लागली तेव्हा मुलगा केनी तिला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला. लघवीचा संसर्ग रक्तात गेला होता. तिथे विनिता नावाच्या डॉक्टरबाई होत्या. त्यांनी मार्सेलला विचारलं, "यांना असा त्रास पूर्वीपासून आहे? मग योनीत घालायचं मलम कोणी दिलं नव्हतं?"

"दिलं होतं. पोटावर लावायची ती."

"पोटावर? अहो, त्याच्याबरोबर नळी असते ना?"

"कसली नळी?"

त्यांनी बोटांनी लांबी दाखवली. "एवढी. आत दट्ट्या असतो."

मार्सेल खाली बसला, असं तोच सांगायचा. त्यानं कागदावरच्या कॅन्सर या शब्दाचंही विचारलं. बाई म्हणाल्या, "तो इशारा मुळात पोटातून घ्यायच्या गोळ्यांवरून आला आहे. हे मलम लावलं तिथेच काम करतं, रक्तात फार थोडं जातं. कॅन्सर होऊन गेलेल्या बाईनं डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. यांना तसं काही नव्हतं. तुम्ही विचारायचं होतं कोणालातरी."

सालोमी गेली. मार्सेलनं बाईंना पुन्हा गाठलं, ते मलम नीट गेलं असतं तर वाचली असती का? त्या खोटं बोलल्या नाहीत. "वाचल्या असत्या असं मी सांगू शकत नाही. साखर होती. पण इतक्या वेळा संसर्ग बहुतेक झाला नसता. आणि इतकी वर्षं दुखलं नसतं."

वाचवण्याचं सोडा, मित्रांनो. दुखलं नसतं, एवढं तर माझ्या हातात होतं.

मातीचा विधी झाल्यावर मार्सेलनं मला खिळ्यावरून काढलं आणि घासलं. साबणानं, सोड्यानं, गरम पाण्यानं. माझ्यातलं तेल निघालं नाही. दट्ट्याचं टोक फुगून अडकलं होतं, ते त्यानं ओढलं तेव्हा मोडलं. तरी तो घासत राहिला. आता मला धुऊन काय करणार होता तो? मला त्याची कीव आली नाही. सालोमीला दुखत होतं तेव्हाही मी खिळ्यावर होते, समोरच होते.

सॅन्टन आला. त्याच्या वाडीतली मोटार किरकिरत होती. "जरा पिचकारी दे रे."

"ही पिचकारी नाही," मार्सेल म्हणाला. "बाईच्या योनीत मलम घालायची नळी आहे. सालोमीची."

सॅन्टननं मागे वळून पाहिलं. त्याची बायको ॲंजेला कुंपणापलीकडे मोगरा तोडत होती.

"हळू बोल," तो म्हणाला. "बायका ऐकतील."

मार्सेल एवढा मोठा आवाज कधी काढत नाही. "ऐकू दे! त्यांनाच तर सांगायचं राहिलं!"

कुंपणापलीकडे ॲंजेलाचे हात थांबले होते. सॅन्टन तिच्याकडे बघायचं सोडून जमिनीकडे बघत उभा राहिला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणणार नाही. मी ट्यूबबरोबर फेकून द्यायची वस्तू आहे. मला फेका. पण तुमच्या घरी अशी नळी आली तर ती कशाची ते विचारा, आणि डॉक्टर त्या जागेचं नाव घेत नसेल तर तुम्ही घ्या. बायको पाठ करून झोपत असेल तर तिला सिस्टर म्हणू नका. कुठे दुखतं, ते विचारा. आणि ती सांगायला तोंड उघडेल तेव्हा तुमच्या शेजारी सॅन्टन उभा असेल, तर आधी त्याला घरी पाठवा.